टिपकागद घालतो म्हणे

हे मी कागदावर, पेनाने लिहिते आहे. कीबोर्डला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. का, ते पुढे कळेल. सांगताना आवाज चढला तर चढू दे. महिनाभर मी तो दाबूनच ठेवला होता.

सुचिता बिरनाळे माझी लहानपणापासूनची मैत्रीण. जयसिंगपुरात आमची माहेरं एकाच गल्लीत, आणि लग्नं होऊनही आम्ही दोघी गावातच राहिलो. तिचा थोरला भाऊ सन्मती चौगुले हा आचारी. शिरोळपासून इचलकरंजीपर्यंत कुणा जैनाच्या घरी कार्य निघालं की आधी सन्मतीअण्णांची तारीख घ्यायची आणि मग मुहूर्त बघायचा, अशी रीत पडून गेलेली. नरसोबाच्या वाडीच्या बासुंदीला नावं ठेवणारी माणसंही अण्णांच्या बासुंदीपुढे गप्प बसायची. आता एवढं नाव झालं की जळणारेही येतातच. नुसत्या दुधाची बासुंदी इतकी दाट होईलच कशी, त्यात टिपकागद विरघळवत असणार, ही कुजबूज आचाऱ्यांच्या पाचवीलाच पुजलेली. ती अण्णांच्याही वाट्याला आली.

सुचिता ती ऐकून ऐकून वैतागली आणि एक दिवस गावाच्या खुल्या ग्रुपवर तिने लिहिलं:

‘आमचा सन्मतीअण्णा बासुंदीत टिपकागद घालतो म्हणे. घालत असेल तर कुठल्या दुकानातला ते तेवढं सांगा, पोरीच्या वहीला मी तसलाच आणते. पहाटेपासून कढईपुढं उभं राहून ज्याच्या पायाच्या शिरा फुगल्या, त्याला कागदावर भागवता आलं असतं तर बरंच झालं असतं की.’

वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आणि मला ते माझ्या ब्लॉगवर हवंसं वाटलं.

माझा ब्लॉग म्हणजे ‘तोंडी लावणं’. आमच्या भागातलं खाणंपिणं आणि त्याबद्दल लोक काय काय बोलतात, याबद्दल मी पंधरा-सोळा वर्षं लिहीत आले. भाकरी माझी, तोंडी लावायला इतरांचे शब्द. पण दुसऱ्याचं वाक्य उचलायचं तर त्याला काही रीतभात असते, आणि ती मी कधी मोडली नाही. आधी विचारायचं. नाव द्यायचं. मूळ जागा दाखवायची. बंद ग्रुपातलं, खाजगीतलं उचलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे अख्खं घ्यायचं. शेपूट तोडून, मधलं गाळून, आपल्याला सोयीचं तेवढं घ्यायचं नाही. त्याने शुद्धलेखन चुकवलं असेल तर तेही चुकलेलं ठेवायचं, कारण ते त्याचं आहे. माणसं मला हसायची. एका वाक्यासाठी एवढे सोपस्कार कशाला, म्हणायची. हसू देत.

मी सुचिताला फोन केला. “सुचे, तुझं ते टिपकागदाचं घेऊ का माझ्याकडे?”

“घे की. विचारतीस काय? नाव मात्र टाक हं माझं. उगं ‘एक मैत्रीण’ नको.”

मी नाव टाकलं, सगळा मजकूर घेतला, स्वल्पविरामही हलवला नाही. वर माझ्या चार ओळी लिहिल्या अण्णांच्या हाताबद्दल. संध्याकाळी लोकांनी वाचलं, हसले, झालं. दुसऱ्या दिवशी साक्षीने त्या उद्धरणाखाली हिरवी पट्टी लावली.

साक्षीबद्दल थोडं सांगायला हवं. मधली काही वर्षं अशी होती की कुणाच्याही नावाने कुठलंही वाक्य यंत्र लिहून द्यायचं, आणि खरं कोण बोललं, खोटं कोण, हे देवालाही कळत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून साक्षी निघाली. तिच्या मागचं तत्त्व साधं आहे. प्रत्येक माणसाची टाइप करण्याची एक लय असते. कान्यापाशी बोट किती थांबतं, चूक झाल्यावर किती पटकन मागे येतं, कुठल्या जोडाक्षरापाशी अडखळतं. अंगठ्याच्या ठशासारखी ही लय ज्याची त्याची असते. आपण लिहीत असताना फोनमधली साक्षी ती मोजते आणि तिचा एक अदृश्य ठसा वाक्यावर उमटवते. मग ते वाक्य कुणी कुठेही नेलं तरी मूळ माणूस सापडतो. लोकांची वाक्यं चोरून आपल्या नावावर खपवणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच जिरली. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

पण साक्षी तेवढ्यावर थांबत नाही. ती वाक्याचा आशय काढते: कोण, कुणाबद्दल, काय म्हणतंय. कारण आता मंगल कार्यालयाचं बुकिंग यंत्र करतं, विम्याचा हप्ता यंत्र ठरवतं, अन्नपरवान्याची जोखीम यंत्र मोजतं, आणि ही यंत्रं लोकांच्या गमतीजमती वाचत बसत नाहीत. त्यांना एका ओळीत साक्ष हवी असते. त्या साक्षीला वजन असतं. परक्यापेक्षा घरच्याचं बोलणं जड. आणि सगळ्यात जड ते वाक्य, जे दुसऱ्या कुणीतरी परवानगी घेऊन, नाव देऊन, अख्खं उद्धृत केलंय. उद्धृत करणाऱ्याचा हिशोब जितका स्वच्छ तितका शिक्का पक्का. माझ्या नावावर इतक्या वर्षांत एक तक्रार नव्हती. म्हणजे मी जितकी सभ्य, तितका घाव खोल.

हिरव्या पट्टीत लिहिलं होतं: ‘सन्मती चौगुले (आचारी) बासुंदीत टिपकागद घालतात, असे त्यांच्या सख्ख्या भगिनी सुचिता बिरनाळे म्हणत असत. साक्ष: पक्की.’

मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली आहे. ध चा मा झाला तोही एका अक्षराचा होता. इथे तर एकही अक्षर न बदलता सगळ्याचं उलटं झालं होतं.

आठवड्याच्या आत तीन कार्यालयांनी अण्णांचं नाव आपल्या यादीतून काढलं. कुणी माणसाने काढलं नाही, आपोआप गेलं. लग्नसराईचे दिवस, पातेली घासून पालथी घालून ठेवायची वेळ आली. ठरलेल्या लोकांनी फोन करून सांगितलं की अण्णा, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, पण हॉलवाल्यांचं यंत्र तुमचं नाव घेत नाही, आम्ही काय करणार. विश्वास आहे तर हॉल बदला की. पण नाही. विश्वास तोंडात आणि बोट यंत्रावर.

मी ताबडतोब ब्लॉगवर खुलासा लिहिला, की सुचिताने हे उपरोधाने लिहिलं आहे, अण्णांच्या बासुंदीत टिपकागद नसतो. तासाभरात पट्टीत माझ्याच नावाची भर पडली: ‘विषयाचा पुनरुल्लेख: हर्षदा मगदूम.’ सुचिताने ग्रुपवर खुलासा केला, तिचाही पुनरुल्लेख झाला. शेवटी मी ती पोस्टच काढून टाकली. पोस्ट गेली आणि पट्टी तशीच राहिली.

मी सुचिताच्या घरी बसले होते तेव्हा अण्णा आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले. मोठा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसत होते.

“सुचिता, एवढंच सांग,” ते म्हणाले. “तू लिहिलंस का न्हाई?”

“अण्णा, लिहिलं. पण तसं न्हाई लिहिलं. त्या जळक्यांची टर उडवली मी. तू सगळं वाच की.”

“सगळं वाचाय कोण बसलंय? शिक्क्यात लिहिलंय, म्हणत असत. म्हंजे तू आधीपासून म्हणतीस. माझ्या माघारी.”

“अण्णा, मी शेजारीच बसलेय,” मी म्हणाले. “तिचं अख्खं लिखाण मी घेतलंय, त्यात तुमची स्तुती आहे हो.”

“हर्षदा, तू मधी पडू नको.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मशीन खोटं कशाला बोलंल? तिची काय माझ्याशी भाऊबंदकी हाय?”

आणि ते निघून गेले. सुचिता दाराकडे बघत राहिली. वडील गेल्यावर या माणसाने हिला शिकवलं, हिचं लग्न लावलं. राखी बांधताना दर वर्षी दोघं रडतात, आम्ही त्यांना चिडवतो. आणि त्या माणसाने सख्ख्या बहिणीच्या तोंडापेक्षा हिरव्या पट्टीवर विश्वास ठेवला. मला यंत्राचा राग होताच, पण त्या क्षणी अण्णांचा जास्त आला. चाळीस वर्षं जिला ओळखतो तिची चेष्टा कुठली आणि चुगली कुठली, हे कळू नये?

मी कोल्हापूरला साक्षीच्या सेवा केंद्रात गेले. समोर अथर्व निगडे नावाचा एक तरुण अधिकारी बसला होता. नम्र होता. नम्र माणसावर ओरडता येत नाही, हा आणखी एक त्रास.

त्याने सगळं ऐकून घेतलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि ‘म्हणे’वर बोट ठेवलं.

“मॅडम, सिस्टिमने व्याकरण बरोबर ओळखलंय. हे म्हणणे या क्रियापदाचं रीतिभूतकाळाचं रूप. ‘आई म्हणे’, ‘आजोबा म्हणे’. म्हणजे नेहमी म्हणत असत. वाक्यात कर्ता दिलेला नाही, म्हणून कर्ता लिहिणारी व्यक्ती.”

“तुम्ही कुठले?”

“गडहिंग्लजचा.”

“गडहिंग्लजात कुणी म्हणालं, निगड्यांच्या अथर्वने नोकरी सोडली म्हणे. तर त्याचा अर्थ काय होतो?”

त्याने पडद्यावरचं बोट काढलं. “की असं कुणीतरी म्हणतंय. ऐकीव आहे.”

“आणि सांगणाऱ्याचा त्यावर विश्वास असतो का?”

“ते बोलण्यावर असतं, मॅडम. बऱ्याचदा नसतोच.”

“मग हे तुम्हाला कळतं, मला कळतं, शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या यंत्राला का कळत नाही?”

त्याने खरंच समजावून सांगितलं. साक्षी अनेक भाषांवर शिकली आहे. त्यातल्या बहुतेकींत ऐकीव गोष्ट सांगायची तर वेगळं उपवाक्य लागतं: लोक असं म्हणतात की. ते उपवाक्य दिसलं की साक्षी सावध होते. मराठीत ते सगळं काम एक छोटासा शब्द वाक्याच्या शेवटी उभा राहून करतो, आणि तोच शब्द जुन्या पुस्तकांत क्रियापद म्हणूनही भरपूर येतो. साक्षीला शिकवायला जुनी पुस्तकं भरपूर दिली, कारण ती फुकट मिळतात. ओट्यावरच्या गप्पा कुणी दिल्या नाहीत. तिने पुस्तकातला अर्थ धरला.

“मग दुरुस्त करा.”

“सूचना पाठवलीय. पुढच्या आवृत्तीत बहुधा येईल.”

“तोवर?”

“तोवर दोनच मार्ग आहेत.” त्याने आवाज खाली आणला. “एक, सुचिता मॅडमनी लिहून द्यायचं की हे वाक्य माझं नाही. दुसरा, तुम्ही लिहून द्यायचं की हे उद्धरण मी रचलं. दोन्हींत साक्ष रद्द होते. पण दोन्हींत उद्धरण खोटं ठरतं, म्हणजे तुम्ही.”

“आणि वाक्य तिचं आहे, मी बरोबर उद्धृत केलं, तुम्ही चुकीचं वाचलं, असं लिहून द्यायचं असेल तर?”

“तसा पर्याय नाही, मॅडम.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. सुचिता, मी आणि यंत्र, या तिघांत एकटं यंत्र चुकलं होतं, आणि त्याच्याच नावापुढे खूण करायला चौकट नव्हती. मी त्या मुलाला काही बोलले नाही. परतीच्या एसटीत मात्र शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला.

सुचिताने सगळं ऐकलं आणि मान हलवली. “मी न्हाई लिहून देणार. मी म्हटलंय ते म्हटलंय. आणि तू अक्षर हलवलं नाहीस. माझ्या हातानं तुला खोटी ठरवू?”

“ठरव. अण्णांचा धंदा बुडतोय.”

“धंद्यापायी असलं खोटं लिहायचं?”

“मग तसंच बसा दोघं बहीणभाऊ तोंडं फिरवून,” मी चिडून म्हणाले आणि उठले.

खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानच वाटला होता. तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साक्षीवर गेले आणि स्वतःच लिहून दिलं, की हे उद्धरण मी रचलं. यंत्राने तीनदा विचारलं, खात्री आहे का. तीनदा मी हो म्हटलं. जन्मात जी रीत मोडली नाही ती मोडल्याचं कबूल करताना नुसता राग येत होता. तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. यंत्रावर काढला तर पडदा फुटतो, एवढंच.

पुढचं काय होणार ते मला अथर्वने सांगितलं होतं. साक्षीने माझ्या ब्लॉगवरची सगळी उद्धरणं झाकली. एकूण एक. जिथे जिथे दुसऱ्याचे शब्द होते तिथे करडी चौकट आली: ‘अविश्वसनीय स्रोत.’ माझ्या सासूबाई जाण्याआधी फोनवर लिहायला शिकल्या होत्या, आणि त्यांनी चटणीसाठी मिरच्या कशा निवडायच्या यावर एक लांबलचक, बिनविरामचिन्हांचा मजकूर लिहिला होता. त्यांचं खातं त्यांच्याबरोबर बंद झालं. तो मजकूर फक्त माझ्याकडे उरला होता. आता तिथे करडी चौकट आहे, आणि वर माझी ओळ: ‘सासूबाई काय म्हणतात बघा.’ बघा म्हणे. काय बघायचं? यापुढे मला कुणाचं एक वाक्यही उद्धृत करता येणार नाही. तोंडी लावणं संपलं, कोरडी भाकरी उरली.

अण्णांचं नाव चार दिवसांत सगळीकडे परत आलं. ते पेढे घेऊन सुचिताकडे गेले. मला तिनेच फोनवर सांगितलं, फार रडला गं अण्णा.

“मग तू सांगितलंस ना त्याला, खरं काय ते?”

पलीकडून भांडी आवरल्याचा आवाज आला.

“सुचे.”

“तो म्हणाला, मला पहिल्यापासनं ठाऊक होतं, माझी बहीण असं म्हणणारच न्हाई. गल्लीभर सांगत सुटलाय. एवढा खूश होता, मी कशी सांगू लगेच? सांगते. जरा निवू दे.”

जी बाई खोटं लिहून द्यायला तयार नव्हती, तिला खोटं गप्प बसून चालवून घ्यायला जड गेलं नाही. लिहिलं की खोटं, गप्प बसलं की सोज्वळ. मी फोन ठेवला.

गाव लगेच शिकतं. भाजी घेताना दोघीजणी बोलत होत्या, मला बघून एकीने दुसरीला कोपर मारलं, हिच्यापुढं बोलू नको, ही रचून लिहिते. बँकेत ओळखीच्या कारकुनाने माझी सही दोनदा ताडून पाहिली. अण्णांनी चारचौघांत सांगितलं की त्या मगदूमांच्या हर्षदानं माझ्या बहिणीच्या तोंडी विष घातलं. हे मला चौघांनी चार वेळा येऊन सांगितलं, फार वाईट वाटतं असं म्हणत. मी सुचिताला पुन्हा विचारलं नाही. वाट बघितली. राग निवत नव्हता, उलट आटत आटत दाट होत होता.

मग तिच्या थोरल्या मुलीचा, मृण्मयीचा, साखरपुडा ठरला. सुचिता घरी आली, हळदीकुंकू लावलं, आमंत्रण दिलं आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “तू येशीलच. फक्त अण्णा स्वैपाकाला असणार आहे. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. जेवायला थांबली नाहीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही.”

“सांगितलंस त्याला?”

“कार्य होऊ दे गं. मग सांगते.”

“मी जेवायला थांबणार आहे,” मी म्हणाले.

कार्य बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मागच्या हॉलमध्ये होतं. आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे चारलाच पहिली पंगत बसली आणि पाचच्या सुमारास दुसरी. अण्णांनी टेबलखुर्च्यांना साफ नकार दिला होता. जमिनीवर पट्ट्या, पुढे पत्रावळ, बाजूला वाटी. मी दुसऱ्या पंगतीत मधोमध बसले. माझ्या एका बाजूला मुलाकडचे आजोबा, दुसऱ्या बाजूला त्यांच्या घरच्या सुना. तिसरी पंगत भिंतीला टेकून उभी होती, खिडकीतून उन्हाकडे बघत.

भात झाला, आमटी झाली, पोळी झाली. बासुंदी वाढायला अण्णा स्वतः निघाले. ती ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. एकेका वाटीत पळी ओतत, एकेकाला आग्रह करत ते आजोबांपर्यंत आले, त्यांना दोन पळ्या वाढल्या. मग माझ्या वाटीवरून पळी तशीच पुढे गेली आणि शेजारच्या सुनेच्या वाटीत रिकामी झाली.

ज्याला पंगतीत वगळलं त्याला काय वाटतं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. गाव जेवतं आणि एकाच्या पानावरून पातेलं पुढे जातं. त्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी.

“अण्णा,” मी म्हणाले, “वाटी रिकामी आहे.”

ते न थांबता पुढे गेले. रांग संपली. लोकांनी बासुंदी पिऊन वाट्या खाली ठेवल्या. पंगतीचा नियम असा की शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि माझं झालं नव्हतं. मी मांडी घालून बसून राहिले.

“बाई, झालं ना तुमचं?” आजोबांनी हळूच विचारलं.

“नाही आजोबा. बासुंदी यायची आहे.”

आजोबा बसले. ते बसले म्हणून त्यांच्या सुना बसल्या, आणि पाहुणेच बसलेले म्हटल्यावर आमची माणसंही बसली. उष्टे हात वाळायला लागले. भिंतीपाशी उभी असलेली तिसरी पंगत चुळबुळ करू लागली. एक बाई म्हणाली, दिवस चाललाय, आमची म्हातारी उपाशी राहील. सगळ्यांना कळत होतं की मला लाज वाटायला हवी. मला वाटत नव्हती. महिनाभर मी दुसऱ्यांची लाज राखली होती.

सुचिता दुसऱ्या टोकाला आग्रह करत फिरत होती. ती धावत आली, माझ्याजवळ वाकली. “हर्षदा, पाया पडते. माझ्या लेकीचं कार्य आहे. ऊठ.”

“मला वाढ म्हणावं, उठते.”

“अण्णा, घाल की एक पळी,” ती म्हणाली.

अण्णा पातेलं धरून दारात उभे होते. “माझ्या हातनं न्हाई,” ते म्हणाले. आवाज हॉलभर गेला. “माझ्या बहिणीच्या तोंडी ज्यानं खोटं घातलं, त्याला माझ्या हातनं थेंब मिळणार न्हाई. एका बाईपायी पाव्हणं उपाशी राहिलं तरी राहू देत.”

मी सुचिताकडे पाहिलं. जे बोलायचं होतं ते माझं नव्हतंच, आणि दुसऱ्याचं वाक्य न विचारता मी कधी बोलले नाही.

खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. सुचिताने पदर खोचला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“अण्णा,” ती म्हणाली, “ते मी लिहिलं होतं.”

“काय?”

“टिपकागदाचं. मीच लिहिलं होतं, माझ्या हातानं. हिनं न्हाई. तुझं नाव यादीत परत यावं म्हणून हिनं खोटं कबूल केलं. आणि मी महिनाभर गप्प बसले.”

मृण्मयी नवऱ्या मुलाशेजारी उभी होती, ती खाली बघायला लागली. भिंतीपाशी कुणीतरी फोन वर धरला.

अण्णांनी तो पाहिला. “फोन खाली ठेव,” ते म्हणाले. “घरातलं बोलणं हाय हे. कुणी लिहायचं न्हाई, कुणी कुठं टाकायचं न्हाई.” फोन खाली गेला. म्हणून मीही हे कागदावरच लिहिते आहे; टाइप केलं तर साक्षी वाचेल आणि अण्णांचं नाव पुन्हा जाईल. मग ते बहिणीकडे वळले. “तू तवा सांगितलं होतंस मला. सगळं वाच म्हणून.”

“हो.”

“मी वाचलं न्हाई.”

“न्हाई.”

त्यांनी पातेल्यातली पळी एकदा ढवळली. रागावलेत की काय, मला कळेना, आणि मी ओळखायचा प्रयत्नही केला नाही. शेवटी ते चालत आले, पातेलं सुचिताच्या हातात दिलं, पळी वर ठेवली, आणि मागे चुलाण्याकडे निघून गेले. जाताना माझ्या पानापाशी क्षणभर थबकले, वाकून हात जोडल्यासारखं केलं. मी मान हलवली नाही.

सुचिता माझ्यापुढे वाकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पातेल्यात पडू नये म्हणून ती मान बाजूला करत होती. तिने वाटी काठोकाठ भरली. सगळी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाटी उचलली आणि घाई न करता प्यायले. बासुंदी उत्तम होती, ते नाकारता येत नाही.

मी वाटी खाली ठेवली. सुचिता अजून तिथेच उभी होती.

“झालं समाधान?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “अजून वाढ.”